मुधोळकरबाईंची वांगी

स्टाफरूममध्ये कुणाचा डबा आधी संपतो, याकडे मुधोळकरबाईंचं बारीक लक्ष असायचं. तो त्यांचा नसला तर त्या रिकामा डबा ओढून घ्यायच्या, तळाशी राहिलेला रस्सा बोटानं चाटायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "जळले बघ मी."

धारवाडच्या त्या मराठी शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे वाक्य ऐकलं आणि घाबरले. आमच्याकडे असं कुणी उघड बोलत नाही. पण बाई सगळ्यांवरच जळायच्या. भूगोलाच्या जोशीबाईंच्या फळ्यावरच्या अक्षरावर, शेजारच्या अंगणातल्या कढीपत्त्यावर, चित्रकलेच्या सरांभोवती पोरं गोळा होतात त्यावर. मनात ठेवत नसत, त्यामुळे त्यांच्या जळण्याचा कुणाला चटका बसत नसे. जोशीबाई तर मुद्दाम फळा पुसायच्या नाहीत. पुढच्या तासाला मुधोळकरबाई यायच्या, म्हणून.

एकदा माझीही पाळी आली. मी अळणावरजवळच्या खेड्यातली. वडील लाकडाच्या वखारीत ओंडके रचायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात जायची. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाई शाळेत विज्ञानाच्या सर्वांत जुन्या, मी सर्वांत नवी. तरी दहावीच्या मुली शंका विचारायला माझ्याकडे यायला लागल्या. एक दिवस बाईंनी मला प्रयोगशाळेच्या दारात अडवलं.

"रेणुका, माझ्या पोरी तुझ्याकडं यायला लागल्यात."

"बाई, मी बोलवलं नाही हो."

"ते ठाऊक आहे. म्हणून तर जास्त जळले."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर त्यांनी दहावीचे प्रयोगाचे तास माझ्या नावावर केले. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "उपकार नाहीत काही. पोरी तुझ्याकडं जायच्या त्या जाणारच. निदान मी पाठवल्या असं तरी होऊ दे."

त्या तासांनीच मला शिक्षिका केलं. पण सांगायचंय ते माझ्याबद्दल नाही.

एका माणसाबद्दल मात्र बाई 'जळले' हा शब्द कधी उच्चारत नसत. ते माणूस म्हणजे त्यांच्या यजमानांची थोरली बहीण, गोदाअक्का. यजमानांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांची आई लवकर गेली आणि त्यांना अक्कांनी वाढवलं. अक्का हुबळीला दाजीबानपेठेत, एका कापडदुकानाच्या माडीवर एकट्या राहायच्या. यजमान वारलेले, मूलबाळ नाही, सोवळं कडक. त्यांच्या हातच्या भरल्या वांग्यांचं नाव धारवाडपर्यंत होतं. तिकडे त्याला एण्णगाई म्हणतात. शेंगदाणे, तीळ, खोबरं भरलेली वांगी तेलात मुरवायची आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची. लग्नानंतर पहिल्यांदा बाईंनी ती केली तेव्हा अण्णा म्हणाले होते, "छान झालीत. अक्काची वेगळी असतात." एवढंच. अण्णा कुणाला दुखवायचे नाहीत. पण बाईंनी त्यानंतर घरात भरली वांगी केली नाहीत. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या गोष्टीला वीस-एक वर्षं झाली होती आणि तरी सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला.

पुढे अण्णांना साखर निघाली. चप्पल चावून पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती ती भरेना. डॉक्टरांनी भात, साखर, साबुदाणा, बटाटा बंद केला, भाकरी अर्धीवर आणली आणि पोट डाळी, उसळी, पनीर, सोया, जमल्यास अंडी यांवर भरायला सांगितलं. आणि साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल, हेही सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. त्यांना अंगठ्यापेक्षा भाताचं जास्त वाईट वाटलं असावं.

त्याच सुमारास बाईंच्या पुण्याच्या भावानं आपला मायक्रोवेव्ह ओव्हन त्यांना दिला. तो त्याच्याकडे आला त्या दिवसापासून बाई त्यावर जळत होत्या, हे त्याला ठाऊक होतं. सोबत रंगीत चित्रांचं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात केक होते, बटाटे होते, पाव होता. म्हणजे डॉक्टरांनी बंद केलेलं सगळं. डॉक्टरांच्या कागदावर पदार्थ होते ते तव्यावरचे आणि कढईतले.

"दोन्हींची सांगड घालायची," बाई म्हणाल्या. "इथं मी कुणाच्या मागं नाही, रेणुका. गॅस म्हण, चूल म्हण, तिथं त्यांचा हात पुढं. या डब्यात कुणाचाच हात चालत नाही."

'त्यांचा' म्हणजे कुणाचा, हे मी विचारलं नाही.

मग सुरू झाले प्रयोग. बाईंनी शाळेतली शिस्त घरात आणली. ओव्हनच्या काळ्या अंगावर खडूनं पदार्थाचं नाव आणि वेळ लिहायची, चुकलं की फडक्यानं पुसायची. पनीर जरा जास्त राहिलं की त्याचं खोडरबर व्हायचं. मुगाच्या धिरड्याचा पापड झाला, मग पिठात दही घालून वरून ओलं फडकं टाकल्यावर ते मऊ राहायला लागलं. मटकीची उसळ वरून शिजायची आणि आतून टचटच लागायची. बिनतेलाचं पिठलं दर थोड्या वेळानं बाहेर काढून ढवळलं नाही तर गोळे व्हायचे. सोयाच्या वड्यांचा वास जाईना, तो शेवटी ताकात भिजवल्यावर गेला. मध्येच लाईट जायची आणि अर्धा शिजलेला पदार्थ आत अंधारात बसायचा. बाई दारावर टिचकी मारत उभ्या राहायच्या, जणू आत कुणी परीक्षेला बसलंय आणि वेळ संपत आलीय.

फसलेलं सगळं स्टाफरूममध्ये यायचं. आम्ही खायचो. चित्रकलेचे सर म्हणायचे, "बाई, अण्णांची साखर उतरेल न उतरेल, माझी भूक मात्र उतरली."

अंड्यासाठी बाई माझ्या खोलीवर आल्या. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्यात अंडं कसं उकडतात गं?"

"पाण्यात टाकून, बाई."

"ओव्हनमध्ये नुसतंच ठेवलं."

"मग?"

"फुटलं. छतापर्यंत. अण्णांना वाटलं, गॅसचा सिलिंडर गेला."

मी हसू दाबलं. मग त्याच हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तुला हे लहानपणापासून येतं आणि मला भौतिकशास्त्र लावावं लागतंय. जळले बघ." त्या संध्याकाळी मी त्यांना अंडं फोडून, दह्यात फेटून, वाटीत कसं ठेवायचं ते दाखवलं. ओव्हन स्वयंपाकघरात नव्हता. अंड्यामुळे तो पडवीत, स्टुलावर होता.

असे चार-सहा महिने गेले. अण्णांची कचेरी हुबळीला. रोज सकाळी बसनं जायचे आणि बाई त्यांना ओव्हनमधला डबा द्यायच्या. डबा संध्याकाळी चाटूनपुसून परत यायचा. "एक कण ठेवत नाहीत," बाई अभिमानानं सांगायच्या. तरी साखर जिथल्या तिथं. जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी दोन महिन्यांची मुदत घातली. बाईंनी पुन्हा सगळं तपासलं. डाळ जास्त होते काय, दही आंबट काय, दाणे किती.

स्नेहसंमेलनाच्या पोशाखांसाठी कापड आणायला आम्ही दोघी हुबळीला गेलो तेव्हा त्याचं उत्तर मिळालं. दाजीबानपेठेत एका दुकानात बसलो होतो. दुपारची वेळ. दुकानदार तागे उलगडत होता. समोर पानाच्या टपरीशी अण्णा येऊन उभे राहिले. बाईंनी मला कोपर मारलं, "बघ की, जेवून पाय मोकळे करायला आलेत." त्या हाक मारणार इतक्यात पानवाला म्हणाला,

"ऊट आतेन्री, साहेब?"

जेवण झालं का, असं आमच्या भागात दुपारी सगळेच सगळ्यांना विचारतात. उत्तराकडे कुणाचं लक्ष नसतं.

"इन्नू इल्री," अण्णा सहज म्हणाले. अजून नाही. "ईग होंटेन्री." आता निघालोच. आणि पलीकडचा जिना चढून ते अक्कांच्या माडीवर गेले.

बाई ताग्यावर हात ठेवून तशाच बसल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, हा रंग पक्का आहे, धुवून बघा." त्याला बाईंनी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. माडीवरून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो मात्र आठवतो.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी थांबले. मला राहवत नव्हतं आणि बाईंनाही एकटं राहायचं नसावं. अण्णा आले, डबा ओट्यावर ठेवला.

"आज कुठं जेवलात?" बाईंनी विचारलं.

"अक्काकडे," अण्णा म्हणाले. एवढ्या सरळपणे, की मीच खाली बघितलं.

"रोज?"

"रोजच. जवळ आहे की कचेरीपासून."

"आणि डबा?"

"तो अकराला खातो मी. सगळा खातो. चांगला असतो." अण्णा गोंधळले. "फराळाचं म्हणून देतेस ना तू? भात नाही, भाकरी नाही. चुलीवरही शिजलेलं नाही. मला वाटलं, डॉक्टरांनी ते औषधासारखं आधी घ्यायला सांगितलंय. जेवण अक्काकडे होतंच."

यात लबाडी नव्हती. भाताचा घास पोटात गेल्याशिवाय आपण जेवलो असं या माणसाला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बाईंनी सहा महिने खपून केलेला डबा त्यांनी इमानानं खाल्ला होता आणि त्यावर इमानानं जेवले होते. अक्कांना बिचाऱ्यांना वाटत होतं, उपाशी येतोय, भावजय शाळेत जाते, वेळ होत नसेल. म्हणून त्या तूप जरा जास्तच वाढत होत्या.

"आणि रात्री भूक नाही म्हणता ते?"

"दुपारचं जड होतं ना."

मला फाटकापर्यंत सोडायला आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, "दुसऱ्या एखाद्या बाईकडं जात असते तर बरं झालं असतं. झिंज्या धरून भांडले असते. हिच्याशी काय भांडू? हिनं त्यांना न्हाऊ घातलंय."

तेव्हाही त्या 'जळले' म्हणाल्या नाहीत. आठवडाभर शाळेत कुणाच्याच डब्याला हात लावला नाही. जोशीबाईंनी फळ्यावर सुंदर नकाशा काढून ठेवला, तोही न बघता पुसला. जोशीबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, घरी काही झालंय काय त्यांच्या?"

रविवारी सकाळी बाई रिक्षा घेऊन माझ्या दारात उभ्या. आत गोधडीत गुंडाळलेला ओव्हन.

"बस. एका बाजूनं धरायला कुणीतरी पाहिजे."

"कुठं, बाई?"

"हुबळीला."

रायापूरच्या पुढे रस्ता खोदलेला होता. प्रत्येक खड्ड्याला बाई ओव्हनला मिठी मारत होत्या आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. अमरगोळ मागे पडल्यावर एकदम म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, तिकडं जाणं बंद करा. करतील बंद, मी म्हटलं तर. आणि आतून वाळत जातील. मला तो माणूस अंगठ्यासकट पाहिजे, पण वाळलेला नको."

जिना अरुंद होता. मी आणि रिक्षावाल्यानं ओव्हन वर चढवला. अक्का दारात आल्या. लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांच्या, हाताला पीठ.

"हे काय आणलंस गं? टीव्ही काय?"

"टीव्ही नाही, अक्का. चूल आहे."

अक्कांनी वाकून आत बघितलं. "जाळ कुठाय?"

"जाळ नाही."

"मग चूल कसली?" आणि लगेच, डोळे बारीक करून, "यात अंडं शिजलंय?"

बाई विज्ञानाच्या शिक्षिका. घासून, लिंबानं पुसून त्यांनी तो आरशासारखा केला होता. नाही म्हणाल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं.

"शिजलंय. एकदा फुटलंही."

अक्का मागे सरकल्या. मला वाटलं, आता जिना उतरायचा. पण बाई तिथेच, उंबऱ्याबाहेर, जमिनीवर बसल्या आणि बोलायला लागल्या. अंगठ्याची जखम, डॉक्टरांची मुदत, अकराचा डबा. अण्णांनी अक्कांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. साखर आहे एवढंच म्हणाले होते आणि अक्कांनी त्यावर एवढंच केलं होतं, की चहात साखर घालायची सोडून गूळ घालायला लागल्या होत्या.

ऐकता ऐकता अक्कांचा पिठाचा हात तोंडावर गेला. "म्हणजे मीच काय गं त्याला...?"

"तुम्ही नाही, अक्का."

"तू मला आधी का नाही सांगितलंस? यायला काय झालं होतं तुला?"

याला बाईंकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

"त्यांनी इथं जेवायचं सोडू नये," बाई शेवटी म्हणाल्या. "तुम्ही वाढता ते तेवढं बदलायचं. भात नाही. भाकरी अर्धी. बाकीचं मी शिकवते."

"माझ्या घरून भाताशिवाय उठेल तो?"

"तुमच्या घरूनच उठेल, अक्का. माझ्याकडं नाही उठत."

हे वाक्य बोलताना बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. अक्कांनी मात्र त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग त्या आत गेल्या आणि गोमूत्राची बाटली घेऊन आल्या. बाई ओरडल्या, "थांबा, थांबा! वायर लावायच्या आधी शिंपडा. नंतर नको." ओव्हन शुद्ध झाला. बाईंनी सोबत आणलेली काचेची भांडी अक्कांनी परत दिली, काचेत फक्त औषध घ्यायचं म्हणून. पितळी पातेली आत चालत नाहीत म्हटल्यावर त्यांनी लोणच्याचा जुना पांढरा चिनीमातीचा सट काढला. तो जाड. बाईंचं सगळं गणित पुन्हा चुकलं. मनगटावरचं घड्याळ काढून त्या जमिनीवर ठेवून बसल्या.

पहिल्या दिवशी कोणता पदार्थ शिकवायचा हे बाईंनी ठरवून आणलं होतं. पिशवीतून त्यांनी वांगी काढली. सारणात नुसते दाणे-तीळ-खोबरं नाही; वर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, कुस्करलेलं पनीर. तेल चमचाभर. वरून ताकाचा हबका आणि झाकण. वीस वर्षं न केलेली वांगी त्यांनी कुणालाही न सांगता पडवीत कितीदा करून बघितली होती कोण जाणे. पहिल्याच खेपेला सटातून निघाली ती मऊ, देठाला धरून उचलता येणारी. अक्कांनी चाखली.

"चिंच कमी," म्हणाल्या. "आणि गूळ नको म्हणतेस तर काळा मसाला थोडा वाढव." स्वतःच्या डब्यातून चिमूट घातली. दुसरी खेप पहिल्याहून चांगली झाली. बाईंनी एक वांगं खाल्लं. त्यांचा चेहरा बघून मला जोशीबाईंच्या फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बाई आठवल्या.

त्यानंतर अण्णा रोज अक्कांकडेच जेवले. डबा बंद झाला. आधी कुरकुरले, पण अक्का समोर बसून "अर्धीच भाकरी हं, अण्णप्पा" म्हणाल्या की पुढचं मागत नसत. पुढच्या तपासणीला साखर उतरली. मुदत संपायच्या सुमारास जखमेला लाल कड आली आणि ती हळूहळू मिटली. अंगठा राहिला.

मी पेढे नको म्हणून फुटाणे घेऊन भेटायला गेले तर अण्णा खुशीत होते. माझ्यासमोर बाईंना म्हणाले, "अक्का हल्ली काय वांगी करते! पूर्वीपेक्षा चांगली. तू एकदा जाऊन शिकून का घेत नाहीस?"

"जाईन की," बाई म्हणाल्या. "वेळ मिळाला की."

मला फाटकापर्यंत सोडायला आल्या, फाटकाची कडी धरली, आणि एकदम हसत सुटल्या. "जळले बघ, रेणुका. आज जळले. राख झाले." अक्कांबद्दल तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अण्णांना त्यांनी खरं कधीच सांगितलं नाही. अक्कांनी सांगितलं असावं, असं मला वाटायचं. पण त्याही गप्प राहिल्या. त्या का गप्प राहिल्या, यावर मी बराच विचार केलाय. त्यांनाही भावाच्या तोंडून ते कौतुक ऐकायचंच असेल. दर रविवारी बाई नवा पदार्थ घेऊन हुबळीला जायच्या आणि येताना अक्कांनी त्यात काय खोड काढली ते तणतणत सांगायच्या. एकही रविवार चुकवला नाही.

पुढे माझी बेळगावच्या शाळेत नेमणूक झाली. अण्णा निवृत्त झाले. एका उन्हाळ्यात अक्का गेल्याचं कळलं. मला लगेच जाता आलं नाही. गेले ते दिवाळीच्या सुट्टीत, मुख्याध्यापिका झाल्याची बातमी घेऊन.

बातमी ऐकून बाई म्हणाल्या, "मी झाले नाही आणि तू झालीस. जळले." आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. थकल्या होत्या. ओव्हन धारवाडला परत आला होता. या वेळी तो पडवीत नव्हता, स्वयंपाकघरात ओट्यावर होता, शेजारी अक्कांचा पांढरा सट. अण्णा पहिल्या खेपेची वांगी आणि अर्धी भाकरी खाऊन पडवीत पाटावर बसले होते. बाई आमच्या दोघींसाठी वांग्यांची दुसरी खेप लावत होत्या.

बाहेर फाटकाशी कुणीतरी थांबलं. दूधवाला असावा.

"ऊट आतेन्री, अण्णा?"

बाईंचा हात ओव्हनच्या दारावर तसाच राहिला.

"आत री," अण्णांचा आवाज आला. झालं. "होट्टे तुंब आत." पोटभर झालं.

मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं, आता हसतील. त्यांनी सट आत सरकवला, दार लावलं, बटण दाबलं. आतला पिवळा दिवा त्यांच्या चेहऱ्यावर पडला आणि सट हळूहळू फिरायला लागला.

"अक्का पाहिजे होत्या गं आज," त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या. "एकदा तरी त्यांना जळलेलं बघायचं होतं मला."